हिरोची पाठ

पोलादपूरच्या पोलीस लाइनीत आम्हाला दोन खोल्या होत्या. पुढची आप्पांची, मागची आईची. झोपायला सगळे सगळीकडे, पण कुणाचा शब्द कुठे चालतो हे ठरलेलं होतं. पुढच्या खोलीत खुंटीला आप्पांची हवालदाराची खाकी, तिच्याखाली चकाकणारे बूट, कोनाड्यात बुद्धाची तसबीर आणि तसबिरीशेजारी ट्रान्झिस्टर. सकाळी आप्पा वंदना म्हणायचे, मग बातम्या लावायचे, आणि बातम्या संपेपर्यंत घरात कुणी तोंड उघडलेलं त्यांना खपत नसे. मागच्या खोलीत चूल, पाण्याचं पिंप आणि फळीवर पत्र्याचा एक उंच डबा. त्या डब्याचं झाकण निघालं, की हवालदारांकडे आज सुके बोंबील आहेत हे लाइनीतल्या चारही बिऱ्हाडांना कळायचं. आई ते निखाऱ्यावर भाजायची, वर तेलाचा थेंब टाकायची आणि तांदळाच्या भाकरीबरोबर प्रत्येकाला दोन वाढायची. मागच्या दाराशी तोवर मांजरांची सभा भरलेली असे. कुत्री मात्र फिरकत नसत, कारण आप्पांचं कुत्र्यांशी जमत नसे. माणूस चावला तर त्याला कायद्यात बसवता येतो, कुत्र्याचं काय करायचं, असं ते म्हणत.

घरापासून मुंबई-गोवा रस्ता हाकेच्या अंतरावर होता. कशेडीचा घाट चढायला निघालेले ट्रक आमच्या घराच्या मागे गिअर बदलायचे आणि मागच्या खोलीतली भांडी बारीक आवाजात किणकिणायची. आई भाकरी थापता थापता सांगायची, "हा भरलेला हाय," "हा रिकामा चाललाय." आता तिथे चार पदरी रस्ता झाला आहे आणि घाटाच्या पोटातून बोगदा गेला आहे. माझी नात म्हणते, आज्जी, पोलादपूर आलं कधी आणि गेलं कधी कळतच नाही. तिला काय सांगणार! आम्हाला पोलादपूर चोवीस तास कळत असायचं.

त्या वर्षी मी बारावी झाले होते आणि घरात माझ्या लग्नाचं बघत होते. अडचण एकच होती, माझी उंची. मी आप्पांच्या डोक्यावरून चार बोटं वर गेले होते. कबड्डीच्या मैदानावर ती उंची शाळेला हवीहवीशी वाटायची, पण बघायला आलेल्या माणसांपुढे चहाचा ट्रे घेऊन उभी राहिले, की त्यांच्या नजरा आधी माझ्या तोंडाकडे यायच्या आणि मग छताकडे जायच्या. तीन ठिकाणांहून नकार आले होते. आईने मला गुडघ्यात थोडं वाकून चालायला शिकवलं होतं. "जरा बसती चाल गो," ती म्हणायची. मी इतकी बसती चालायला लागले, की शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, पोरीच्या कमरेत काय दुखतं का. आता चौथं स्थळ वरंधचं आलं होतं. मुलगा मुंबईला गिरणीत कामाला. रविवारी त्याचे मामा एकटेच येऊन मुलगी बघणार होते, पसंत पडली तर मग बाकीचे. मामांच्या शब्दावर सगळं अवलंबून होतं, म्हणून आईने माझ्याकडून उत्तरं पाठ करून घेतली होती. नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाकात काय काय येतं. झोपेतून उठवून विचारलं तरी मी धडाधडा सांगितली असती.

आणि त्याच आठवड्यात गावात सिनेमावाले आले.

खरं तर ते महाबळेश्वरला चालले होते. पोलादपूरला त्यांची गाडी बंद पडली, आणि ती दुरुस्त होईपर्यंत दिग्दर्शकाने आमची बाजारपेठ, एस.टी. स्टँडपासून सावित्रीच्या पात्राकडे उतरणारा रस्ता आणि पलीकडचे डोंगर बघितले. पाठलागाला असा उतार शोधून सापडणार नाही, असं म्हणत त्याने गावच्या शाळेत मुक्काम टाकला. सिनेमा होता एका फौजदाराचा आणि त्याच्या कुत्र्याचा. दोघं मिळून स्मगलरांची टोळी पकडतात. निम्मी मारामारी, निम्मे विनोद. फौजदार झालेल्या हिरोचं नाव मी सांगत नाही, कारण तो माणूस हयात आहे आणि त्याच्या नातवंडांना आजोबा शूर वाटत असतील. हिरोला कुत्र्यांची भीती वाटत असे. साधीसुधी नाही. कुत्रा समोर आला, की त्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे राहायचे आणि आवाज चिरका व्हायचा. करारावर सही करताना त्याला वाटलं होतं, कुत्र्याचे शॉट वेगळे घेऊन मग जोडतात.

कुत्रा अल्सेशियन होता, पाठीवर काळा, पोटाला तांबूस, आणि सिनेमात त्याचं नाव होतं सरदार. त्याला शिकवणारे गृहस्थ परळचे, पन्नाशीचे, सडपातळ. युनिटमधले सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मास्तर सरदारला एकांतात बाळ्या म्हणत. बाळ्या उकडलेलं मटण खायचा, दूध प्यायचा, आणि मास्तरांनी बोट वर केलं की मरून पडायचा, दोन बोटं वर केली की जिवंत व्हायचा. गावातली पोरं दिवसभर त्याला मरताना आणि जिवंत होताना बघत शाळेच्या व्हरांड्याशी उभी असायची.

युनिट येऊन दोन दिवस झाले असतील. दुपारी आई बोंबील भाजत होती, मी भाकरीचं पीठ मळत होते, आणि मागच्या दारातून हे जनावर थेट आत आलं. मांजरांची सभा एका क्षणात उठली. आईने चिमटा उगारला आणि ओरडली, "हाड! हाड!" पण बाळ्याला जन्मात कुणी हाड म्हटलेलं नव्हतं. त्याला वाटलं, ही नवीन आज्ञा आहे. तो आईसमोर ताठ बसला, थोडा वेळ विचार केला, आणि उजवा पंजा पुढे केला. आई गोंधळली. आलेल्या पाहुण्याने हात पुढे केल्यावर काय करायचं असतं! तिने आधी पदराला हात पुसला आणि मग त्याच्या पंजाला लावला. त्यानंतर त्याला बोंबील देणं भागच होतं.

मास्तर धापा टाकत आले तोवर बाळ्याचे तीन बोंबील खाऊन झाले होते आणि चौथ्यासाठी तो न सांगता मरून पडला होता. मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनाही भुकेची जाणीव झाली असावी, कारण आईने "बसा, भाऊ, भाकरी गरम हाय" म्हटल्यावर ते चपला काढून चुलीशी बसले. त्या दिवसापासून मटण बंद. बाळ्या भांड्याकडे बघून तोंड फिरवायचा आणि आमच्या लाइनीच्या दिशेने नाक वर करून बसायचा. मी नळावर पाणी भरायला निघाले की माझ्या मागे, दुकानात निघाले की माझ्या मागे, कारण माझ्या हातांना वास असायचा. आप्पा ड्यूटीवरून आले की तो अदबीने उठून दारात उभा राहायचा. आप्पा त्याच्याकडे न बघता आत जायचे.

शूटिंगला सुरुवात झाली आणि खरा घोळ बाहेर आला. फौजदार आणि कुत्रा बाजारपेठेतून खांद्याला खांदा लावून धावतात, असा शॉट होता. हिरो सरळ रेषेत धावायचाच नाही. कुत्रा डावीकडून आला की तो उजवीकडच्या शिंप्याच्या दुकानात शिरायचा. मग बाळ्याला कंटाळा यायचा आणि तो रस्त्याच्या मधोमध बसायचा. सकाळपासून दुपारपर्यंत हेच चाललं. कुत्र्याला मिठी मारायचा शॉट तर त्यांनी घोंगडीची वळकटी करून घेतला. हिरो वळकटीला कवटाळून "माझ्या दोस्ता!" म्हणत रडला आणि बघ्यांतल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी मास्तर दिग्दर्शकाला म्हणाले, "साहेब, बाळ्या त्या पोरीच्या मागे जगाच्या टोकापर्यंत धावेल. तिला पळवा. पाठमोरी कोण आहे कुणाला कळतंय?"

दिग्दर्शकाने मला हिरोच्या पाठीला पाठ लावून उभं केलं. आमची उंची अगदी सारखी निघाली. त्याच्या बुटांच्या टाचा दोन इंचांच्या होत्या, हे तेव्हाच कळलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी उंची बघून "वा!" म्हणालं.

संध्याकाळी दिग्दर्शक आणि मास्तर घरी आले. आप्पांनी त्यांना पुढच्या खोलीत बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही. खाकी म्हणजे नाटकातला अंगरखा नाही, कुणीही चढवावा असा."

"पण आमचा हिरो चढवतोच आहे की," दिग्दर्शक म्हणाला.

"त्याला चढवू द्या. तो माझ्या घरातला नाही."

मध्येच मागच्या खोलीतून आईचा आवाज आला. पुढच्या खोलीतल्या बोलण्यात ती सहसा पडत नसे. "तोंड नाय ना दिसनार पोरीचं?"

"नाही वहिनी, फक्त पाठ."

"मग पाठीला काय नाव असतं का? आन ते मुकं जनावर दोन दिस धड जेवलं नाय. होऊ दे त्याचं काम."

आप्पांनी ट्रान्झिस्टरवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "उद्या मी बंदोबस्ताला आहे. गर्दी मागे सारणं हे माझं काम. शूटिंगकडे मी बघणार नाही." हा होकार आहे की नकार, ते कुणालाच कळलं नाही. दिग्दर्शकाने तो होकार धरला आणि लगेच चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. कपड्यांच्या गाडीत मला हिरोचा गणवेश दिला. खांद्यावर दोन-दोन तारे, कमरेला पट्टा. बुटांत कागद कोंबून ते माझ्या पायांना बसवले. वेणी टोपीखाली दडवायला अकरा पिना लागल्या. मागच्या खिशात वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन बोंबील. आरशात बघितलं तर मी सरळ उभी होते. वाकायचं लक्षातच राहिलं नव्हतं. त्यानंतर बत्तीस वर्षं मी खरी खाकी घातली, रोज सकाळी घातली, आणि नोकरीची सवय झाल्यावर ती बाकीच्या कपड्यांसारखीच वाटायला लागली. पण त्या गाडीच्या अर्ध्या आरशात दिसलेल्या मुलीला मी विसरलेले नाही. तिला बघून मला जरा भीतीच वाटली होती.

रस्त्याच्या वरच्या टोकाला आप्पा दोन्ही हात पसरून गर्दीला अडवत होते. तोंड गर्दीकडे, पाठ माझ्याकडे. मी जवळून गेले तरी त्यांनी मान वळवली नाही.

पहिल्या दोन वेळा सगळं सुरळीत झालं. "ॲक्शन" म्हटलं की मी सुटायचे, बाळ्या माझ्या खिशाला नाक लावून सुटायचा, मागे जीपमध्ये कॅमेरा. उतारावर वारा कानांत घुमायचा आणि आपण थांबूच नये असं वाटायचं. दिग्दर्शक म्हणाला, आणखी एकदा घेऊ आणि संपवू. तिसऱ्यांदा मी सुटले आणि नेमकी तेव्हाच महाडची एस.टी. स्टँडवर येऊन थांबली. तीतून एक बुटके, गोलसर गृहस्थ उतरले. पांढरी विजार, काखेत छत्री, हातात भरगच्च कापडी पिशवी. ते वरंधच्या स्थळाचे मामा होते. शनिवारी महाडच्या कचेरीत त्यांचं काम निघालं होतं. पुन्हा रविवारची खेप कशाला, आजच पोरगी बघून टाकू, म्हणून ते आले होते. आणि महाडला आलोच आहोत तर घरी न्यायला म्हणून त्यांनी बाजारातून दोन किलो सुके बोंबील घेतले होते.

दोन बोंबील एका खिशात आणि दोन किलो एका पिशवीत. बाळ्याने धावता धावता हा हिशेब केला आणि वळला.

मामांनी मोठा कुत्रा आपल्याकडे येताना बघितला आणि जे कुणीही केलं असतं तेच केलं. ते पळाले. तेही उताराच्या दिशेने, म्हणजे कॅमेऱ्याच्या समोर. पुढे मामा, मामांमागे बाळ्या, बाळ्यामागे मी, माझ्यामागे जीप. "बाळ्या, बस! बस!" मी ओरडत होते. मामांना वाटलं फौजदार त्यांनाच बस म्हणतोय. ते मागे वळून वळून ओरडले, "बसू कसा, सायेब? मागं वाघ लागलाय!" त्यांनी केळीवाल्या बाईची पाटी ओलांडली, शिंप्याच्या दुकानात एका दाराने शिरून दुसऱ्याने बाहेर पडले, छत्री कुठेतरी सोडली, पण पिशवी सोडली नाही. दुतर्फा लोक टाळ्या पिटत होते, शिट्ट्या मारत होते. सगळ्यांना वाटलं, हा सिनेमातला स्मगलर. जीपमधून दिग्दर्शकाचा आवाज येत होता, "चालू ठेवा! कुणी कट म्हणू नका! हा माणूस कोण आहे? काय धावतोय!"

रस्ता संपला, नदी आली. मामा पिशवी डोक्यावर धरून थेट सावित्रीत गुडघाभर पाण्यात शिरले. बाळ्याने काठावरून झेप घेतली आणि त्याच्या मागोमाग मीही घेतली, कबड्डीत घेतात तशी. माझ्या हातात त्याचा गळपट्टा आला, त्याच्या तोंडात पिशवीचा कोपरा आला, पिशवी फाटली, आणि आम्ही तिघंही पाण्यात बसलो. बोंबील वाहत चालले.

मामांनी माझ्या खांद्यावरचे तारे बघून हात जोडले. "सायेब, तुमचे लय उपकार!" त्याच वेळी माझी टोपी निसटली, पिना सुटल्या आणि वेणी खांद्यावरून खाली आली. मामांचे हात जोडलेलेच राहिले. "आयला! बाई हाय! नाव काय वो बाई तुमचं?"

आता हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. इतक्या दिवसांची तयारी होती. पाण्यात बसल्या बसल्या, एका हाताने कुत्रा धरून, मी खाली मान घातली आणि सुरू झाले, "माझं नाव सुनंदा. शिक्षण बारावी. भाकऱ्या, वालाचं बिरडं, कुळथाची पिठी येते. शिवणकामाची आवड आहे."

मामांचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

अर्ध्या तासाने मला ठाण्यात बोलावणं आलं. माझे कपडे ज्या गाडीत होते ती गाडी दुसरीकडे गेली होती, म्हणून मी तशीच, ओल्या गणवेशात गेले. ठाण्यातले साहेब कामाने बाहेर होते आणि टेबलामागे आप्पा होते. बाकावर मामा पाणी गाळत बसले होते. आप्पा मान खाली घालून कागद चाळत होते. दारातून त्यांना आधी माझे बूट दिसले, मग पट्टा, मग दोन तारे, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. हात कपाळाकडे निघालासुद्धा. मग त्यांना माझं तोंड दिसलं. ते तसेच क्षणभर राहिले, ना उभे ना बसलेले. मग खुर्ची पुढे ओढून बसले आणि पेनाचं टोपण काढलं.

"बोला. तक्रार कुणावर?"

"ह्या बाईवर," मामा म्हणाले, "आन त्या कुत्र्यावर."

"कुत्र्याचं नाव?"

"मला काय ठावं?"

"तक्रारीत नाव लागतं."

दारात मास्तर बाळ्याला घेऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, "सरदार. पण घरी बाळ्या म्हणतो."

आप्पांनी सावकाश लिहिलं, मोठ्याने उच्चारत, "सरदार ऊर्फ बाळ्या. बरं, चावला कुठे?"

"चावला नाय. पिशवी फाडली. दोन किलो बोंबील गेलं पान्यात."

"म्हणजे बोंबलांचा चोर. त्याला पकडलं कुणी?"

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "ह्या... ह्यांनीच."

"म्हणजे चोराचा पाठलाग करून त्याला नदीत उडी टाकून पकडलं. मग ह्यांचा गुन्हा कुठला, तेवढं सांगा. मी कलम शोधतो."

मामा उठून उभे राहिले. त्यांच्या विजारीतून पाण्याचा एक ओघळ टेबलापर्यंत आला. "हवालदार, ही तुमचीच पोरगी ना?"

"हो. माझी."

"पुरुषाची वर्दी घालून गावभर धावते, आन तुमाला काय वाटत नाय?"

मी बुटांकडे बघत होते. आप्पांनी पेनाचं टोपण लावलं. "वाटतं ना," ते म्हणाले. "पण ते तुमच्या तक्रारीत लिहायला जागा नाही."

एवढ्यात दिग्दर्शक घाईने आत आला. त्याने मामांचा हात धरून हलवला आणि म्हणाला, काका, तुमचं धावणं सिनेमात ठेवायला तुमची परवानगी हवी, असं धावणं आम्हाला शिकवून मिळालं नसतं. मामांनी डोक्यावरून पाणी निपटलं. "तोंड दिसतं काय नीट?" त्यांनी विचारलं. दिसतं, म्हटल्यावर तक्रार तिथेच मिटली. "सोयरीक मात्र नाय जमायची," ठाण्यातून निघताना ते आप्पांना म्हणाले, "पन तेवढा शॉट ठेवा."

घरी नेल्यावर आईने त्यांना आप्पांची कोरडी लुंगी दिली, जेवायला वाढलं, आणि फळीवरचा डबा पिशवीत रिकामा केला. ते जेवले आणि गेले. आईला नकाराचं दुःख झालंच, पण तिला जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. पुढे कित्येक वर्षं वरंधचं नाव निघालं की ती म्हणायची, "नको म्हनाला, आन वर चार भाकऱ्या खाल्ल्या मेल्यानं!"

युनिट सोमवारी गेलं. बाळ्या जीपमधून डोकं बाहेर काढून आमच्या लाइनीकडे बघत होता. आई त्याला दिसू नये म्हणून मागच्या खोलीत जाऊन बसली आणि कितीतरी वेळ काहीच न करता चुलीपुढे बसून राहिली. आप्पांनी सकाळी नेहमीसारख्या बातम्या लावल्या. मी पुन्हा बसती चालायला लागले. आईने आता तसं सांगणं सोडून दिलं होतं, पण सवय लागली होती.

थंडीत तो सिनेमा महाडच्या थिएटरला लागला. आप्पांनी एके दिवशी रजा टाकली आणि काही न सांगता आम्हाला दोघींना दुपारच्या खेळाला घेऊन गेले. ठेवणीतला पांढरा शर्ट घातला होता त्यांनी. दारावरचा माणूस सांगत होता, वरंधचे एक गृहस्थ रोज नवे पाहुणे घेऊन येतात. सिनेमा कसा होता हे मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. नातीने मोबाईलवर खूप शोधला, कुठेही मिळाला नाही. मला आठवतं ते एवढंच, की हिरोने मिशीवरून हात फिरवला, "चल सरदार!" म्हणाला, आणि पडद्यावर एकदम मी आले. पाठमोरी, उंच, सरळ, शेजारी तो कुत्रा. थिएटर शिट्ट्यांनी भरून गेलं. आमच्या पुढच्या रांगेतला एक माणूस ओरडला, "काय पळतोय रे हिरो!"

आप्पांनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हिरो नाही तो. माझी मुलगी आहे."

"हो का काका?" तो माणूस म्हणाला. "आणि तो कुत्रा माझा चुलतभाऊ आहे."

आजूबाजूचे हसले. आप्पा मागे टेकून बसले. पुढे मामा आले, सगळं थिएटर खुर्च्या बडवत हसलं, मीही हसले, आईही हसली. आप्पांकडे बघितलं तर ते पडद्याच्या त्याच कोपऱ्याकडे बघत होते जिथून मी कधीच निघून गेले होते.

मला लोक विचारायचे, तुम्ही पोलिसात जायचं कधी ठरवलंत. मी ठरवलंच नाही. त्यानंतरच्या आठवड्यात आप्पा अलिबागहून महिला भरतीचा फॉर्म घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवून बातम्या ऐकायला बसले, एवढंच मला माहीत आहे. पण कधी ठरलं हे मी बघितलं आहे. खेळ संपला, लोक बाहेर पडले, आम्ही दोघीही उठलो, आणि आप्पा दाराकडे न जाता जिन्याने वर ऑपरेटरच्या खोलीकडे गेले. आप्पांनी वर्दीच्या नावावर कधी टपरीवरचा फुकट चहासुद्धा घेतलेला नव्हता. मी त्यांच्या मागे गेले. ऑपरेटर पोरगेला होता, ओळखपत्र बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"एक रीळ परत बघायचं आहे," आप्पा म्हणाले. "तपासाचं काम आहे."

"कसला गुन्हा, साहेब?"

"बघून सांगतो."

आम्ही खाली आलो. रिकाम्या थिएटरात झाडू मारणाऱ्या मावशी होत्या, त्याही थांबल्या. दिवे गेले. हिरोने पुन्हा मिशीवरून हात फिरवला, आणि मी पुन्हा धावले. आई म्हणाली, "बसा की वो." आप्पा बसले नाहीत. मधल्या वाटेत, दोन्ही हात मागे बांधून, ते पडद्यापुढे उभे राहिले. मामा धावले, बाळ्या धावला, पाणी उडालं, रीळ संपलं, पडदा पांढरा झाला.

वरच्या खिडकीतून ऑपरेटरने डोकं बाहेर काढलं. "साहेब, सापडला काय आरोपी?"

आप्पांनी डोळ्यांवरून हात फिरवला. पडद्याकडेच बघत ते म्हणाले, "नीट दिसलं नाय. परत लाव."